भूलसुधार : माझ्या चेहऱ्याचा आणि माझ्या शब्दाचा

आज नगरपालिका नाही, पाणीपुरवठा नाही, बाजार समितीतला तुरीचा भावही नाही. आज एक भूलसुधार छापायचाय. पेपरात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा बेताने छापतात तसा नाही. ठळक, आणि माझ्या नावानिशी.

मी ४६ वर्षांची आहे. बावीस वर्षं बार्शीत वार्ताहर म्हणून काम करते. पत्रकारितेची पदविका करताना सरांनी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली होती. बातमी दोन ठिकाणांहून पडताळल्याशिवाय द्यायची नाही. तुरीच्या भावात पन्नास रुपयांची चूक झाली तरी दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा. तो नियम मी पाळत आले. पण गेल्या वर्षी चैत्रात, आमच्याच घरच्या हळदीकुंकवाला, कैरीची डाळ आणि पन्ह्याचे पेले वाटता वाटता मी सहा बायकांना एक माहिती दिली, जी एकाही ठिकाणाहून पडताळलेली नव्हती. ही पोस्ट त्याबद्दल आहे.

सुरुवात एका फोटोपासून झाली. गेल्या मार्चमधली एक पत्रकार परिषद. पुढच्या रांगेत मी, वही घेऊन. फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. खाली एका ओळखीच्या गृहस्थांनी लिहिलं, "ताई, तब्येत चांगलीच सुधारली की!" त्यावर पंधरा जणांचे हसरे चेहरे. मीही एक हसरा चेहरा टाकला. मग रात्री तो फोटो बोटांनी मोठा करून बघत बसले.

खरं सांगते, इतकी वर्षं मी स्वतःकडे नीट बघितलंच नव्हतं. थायरॉइडची गोळी सुरू झाल्याला सहा वर्षं झालीत. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांनी. वजन ८४ किलो. आणि दोन्ही गालांवर, नाकाच्या दांड्यावर, वरच्या ओठावर वांग. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात दुपारी दोनला स्कूटीवरून टँकरच्या बातमीला जायचं आणि तोंडाला ओढणी बांधली की झालं, एवढीच माझी त्वचेची निगा.

त्या रात्री मी दोन वस्तू मागवल्या. एक कुर्ता आणि एक क्रीम. दोन्हींची गोष्ट वेगवेगळी आहे, पण मला शिकवलं दोन्हींनी मिळून.

आधी कुर्ता. मोहरी रंगाचा, कॉटनचा, थ्री एक्सएल, ८९९ रुपये. 'प्लस साइज' असा वेगळा विभाग होता. त्यातल्या मॉडेल आपल्याकडे 'खात्यापित्या घरच्या' म्हणतात तितपतच होत्या. कुर्ता आला. छातीत बसला, पोटावर बसला, पण दंडात असा अडकला की हात ना वर ना खाली. घरी एकटी. अर्ध्या तासात ऑफिसला पोचायचं. शेवटी शेजारच्या वहिनींना फोन लावला. त्या आल्या, मला त्या अवस्थेत बघून दारातच हसत खाली बसल्या. मग आम्ही दोघींनी मिळून तो कुर्ता डोक्यावरून ओढून काढला. पंधरा मिनिटं लागली. या वहिनी लक्षात ठेवा.

परत करायला टाकला, तर "ग्राहक घरी नसल्यामुळे पिकअप रद्द" असा मेसेज. मी दिवसभर घरात. तीन वेळा हेच. मग माझ्यातली पत्रकार जागी झाली. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम काढून वाचले. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मी कंपनीकडे लेखी तक्रार केली, त्यांच्याच पानावरच्या मापांच्या तक्त्याशी कुर्त्याची बाही पट्टीने मोजून फोटो जोडला, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही कळवलं. काही दिवसांत पैसे खात्यात आले. कुर्ता न्यायला मात्र शेवटपर्यंत कुणी आलं नाही.

तो कुर्ता मी गल्लीतल्या टेलर मावशींकडे नेला. मावशींनी आधी माझं माप घेतलं. छाती ४६, कंबर ४२, दंड १७. मग कुर्ता उलटा करून शिवण बघितली आणि म्हणाल्या, "ताई, हा मोठ्या बाईसाठी शिवलेलाच नाहीय. बारीक बाईचा कुर्ता आडवा वाढवलाय. लांबी-रुंदी वाढवली, दंड तसाच ठेवला. आणि आत मार्जिन बघा, अर्धा इंचसुद्धा नाही. उसवणार काय?" शेवटी त्यांनी कुर्त्याच्या खालच्या घेरातून कापड काढून काखेत तुकडे जोडले. साठ रुपये घेतले.

मला कुतूहल वाटलं म्हणून थोडं शोधलं. आपल्याकडे तयार कपड्यांची मापं बराच काळ अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांवरून चालत आली आहेत. भारतीय शरीराचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून 'निफ्ट' या संस्थेने 'इंडियासाइज' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना. म्हणजे कपडा बसत नाही यात दरवेळी आपल्या अंगाचाच दोष असतो असं नाही. तक्ता दुसऱ्याच्या अंगावरचा आहे. माझी आजी नऊवारी नेसायची आणि पुढे गाठ मारायची चोळी घालायची. दहा बाळंतपणांत तिचं अंग किती वेळा बदललं असेल, पण "मला कपडा होत नाही" असं तिच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नाही. कपडाच तिच्या मापाने घट्ट-सैल व्हायचा.

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. आता क्रीम.

क्रीमची जाहिरात मोबाइलवर आपोआप समोर आली होती. 'सात दिवसांत वांग गायब, शंभर टक्के आयुर्वेदिक.' एका बाईचा अर्धा चेहरा काळवंडलेला, अर्धा चकचकीत. पानावर पत्ता नाही, फक्त व्हॉट्सॲप नंबर. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे, ४९९ रुपये. हीच जाहिरात एखाद्या शेतकऱ्याने 'सात दिवसांत बोंडअळी गायब' म्हणून मला दाखवली असती, तर मी त्याला तिथल्या तिथे झापलं असतं, "कंपनीचा पत्ता कुठाय? बॅच नंबर कुठाय?" बोगस बियाण्यांवर मी आजवर कितीतरी बातम्या केल्यात. पण स्वतःच्या गालाचा प्रश्न आला, तेव्हा ते सगळं प्रश्नपत्रक कुठे गेलं कुणास ठाऊक.

पांढरी प्लास्टिकची डबी आली. वर एका फुलाचं चित्र आणि नाव. बस. रात्री लावायला सुरुवात केली. आणि मंडळी, गुण आला! आठव्या दिवशी वांग फिकट, पंधराव्या दिवशी चेहरा असा तुकतुकीत की ऑफिसात विचारलं, "मॅडम, काय विशेष?" बावीस वर्षांत माझ्या बातमीवर इतक्या लोकांनी इतक्या आपुलकीने विचारलं नसेल. मला फार बरं वाटलं. हे लपवत नाही.

आणि मग ते हळदीकुंकू. बायकांनी विचारलं, मी नंबर दिला. एवढंच नाही, "मी स्वतः वापरलंय, डोळे झाकून घ्या" असं म्हणाले. डोळे झाकून! पत्रकाराच्या तोंडचं वाक्य.

जूनच्या अखेरीला मी गावाला गेले आणि डबी घरी राहिली. तिसऱ्या दिवशी चेहऱ्याची आग सुरू झाली. लाल चट्टे, बारीक पुरळ, उन्हात पाऊल टाकलं की मिरचीचा हात फिरवल्यासारखं. परत येऊन क्रीम लावलं, शांत झालं. सोडलं की पुन्हा आग. असं महिनाभर. ऑगस्टमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले, तोवर गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या, हनुवटीवर लव वाढली होती, आणि वांग आधीपेक्षा गडद होऊन परत आलं होतं.

डॉक्टरबाईंनी डबी हातात घेऊन फिरवली. मला विचारलं, "यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी म्हटलं, "काहीच नाही." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही लावलंत काय?"

डबीत नेमकं काय होतं ते प्रयोगशाळाच सांगू शकते. पण क्रीम लावलं की शांत, सोडलं की आग, शिरा आणि लव, ही लक्षणं तीव्र स्टिरॉइडची आहेत असं त्या म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. ते इथे देते, कारण ही माहिती मी हळदीकुंकवाला द्यायला हवी होती.

स्टिरॉइडची मलमं हे औषध आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती मोजून-मापून, ठरावीक दिवसांसाठी देतात. चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे महिनोन्महिने लावलं की ती आणखी पातळ होते, शिरा वर दिसतात, मुरुम आणि लव येते, आणि औषध थांबवलं की आगडोंब. आधी गोरेपणा मात्र दिसतो, म्हणून लोक फसतात. आपल्या देशात हे इतकं झालंय की त्वचातज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलंय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती मिळतात. कधी मेडिकलमध्ये ओळखीवर, कधी बिननावाच्या डबीत.

दुसरी भीती पाऱ्याची. पारा कातडीत रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून गोरं करणाऱ्या क्रीममध्ये घालतात. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला असला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच अकोल्यातल्या एका घरातली बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा, आणि शोध घेत घेत डॉक्टर पोचले ते तिघी लावत असलेल्या क्रीमपर्यंत. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असे मूत्रपिंडाचे रुग्ण नोंदवलेत. ती अकोल्याची बातमी मी त्या वेळी वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

डॉक्टरबाईंनी मला लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी करायला लावली. दोन्ही अहवाल चांगले आले. ते हातात येईपर्यंतची रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

आता खरी गोष्ट. त्या सहा बायकांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केले. दोघींनी क्रीम घेतलंच नव्हतं. तिघींनी थोडे दिवस लावून सोडलं होतं. सहाव्या म्हणजे वहिनी, मला कुर्त्यातून सोडवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मी नाही लावलं हो. पोरीला दिलं."

पोरगी बावीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देतेय. सावळी, तरतरीत. घरात स्थळं बघणं चालू होतं. दोन ठिकाणांहून "मुलगी चांगली आहे, पण..." असं उत्तर आलं होतं. त्या 'पण'वर मी उपाय पुरवला होता. तिने चार महिने दोन वेळा लावलं. सकाळीसुद्धा, आणि वरून उन्हात क्लासला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती ओढणी बांधून आतल्या खोलीत बसली होती. वहिनी चहा ठेवायला उठल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या शेजारात असं पहिल्यांदाच झालं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी विचारलं असतं. तुम्ही पेपरवाल्या. तुम्ही तपासलं असेल असं वाटलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. दर वेळी मीच नेते. औषध एकदम तोडायचं नाही, टप्प्याटप्प्याने उतरवायचं, आणि ते डॉक्टरच ठरवणार, हे तिथे कळलं. पहिले दोन महिने फार वाईट गेले. एका परीक्षेला ती बसलीच नाही, हॉल तिकिटावरच्या फोटोशी चेहरा जुळणार नाही असं म्हणाली. आता बरीच सावरलीय. शिरा अजून आहेत. काही राहतील, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय. तिच्याही तपासण्या झाल्या, चांगल्या आल्या.

विक्रेत्याचं काय, असं विचाराल. ४९९ रुपयांच्या क्रीमवाल्याने मला ब्लॉक केलं. तेच चित्र आता दुसऱ्या नावाच्या पानावर फिरतंय. कुर्त्याचे ८९९ परत मिळाले, कारण कुर्ता विकणाऱ्याला नाव-पत्ता होता, कायद्याला धरायला मान होती. बिनपत्त्याच्या डबीला कुठे धरणार? उरलेली डबी, पार्सलचं वेष्टन आणि जाहिरातीचे फोटो जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय. तिचा पाठपुरावा करतेय. जे होईल ते इथेच लिहीन.

तोवर एवढं करा. चेहऱ्याला लावायची कुठलीही वस्तू घेताना डबी फिरवा. उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत, घटकांची यादी, हे सगळं पाहिजे. बाहेरच्या देशातली असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. 'दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असली तर तिथेच खाली ठेवा, ती पाऱ्याची खूण असू शकते. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड असले शब्द, किंवा बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला हात लावू नका. आणि कुणी आधीच लावत असाल, तर माझ्यासारखं मनाने सोड-धर करू नका. डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लाज वाटू देऊ नका. मी डबी घेऊन गेलेय, डॉक्टर ओरडत नाहीत. फार तर वाचून दाखवायला लावतात.

मी आता काय लावते? एक साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, दोन बोटं भरून. उन्हात हिंडायचं असेल तर दोन-तीन तासांनी परत. डॉक्टरांनी दिलेलं एक मलम रात्री. वांग ऊन, हॉर्मोन आणि घराण्याची देणगी यांतून येतं. ते फिकट होतं, दबून राहतं, पण सात दिवसांत गायब होत नाही. सात दिवसांत गायब होतो तो विकणारा.

नटू नका, मुरडू नका, वय झालं आता, असं मी मुळीच म्हणणार नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःचा चेहरा बघावासा वाटला, यात माझी चूक नव्हती. तो बघताना पत्रकाराचा चष्मा काढून ठेवला, ही चूक होती. टेलर मावशींनी नीट करून दिलेला तो मोहरी कुर्ता मी आता महिन्यातून चारदा घालते. गेल्या आठवड्यात पत्रकार परिषदेला घातला होता. फोटो ग्रुपवर आलाय, बघितला असेल तुम्ही. गालावरचं वांगही दिसतंय त्यात.

ही पोस्ट टाकण्याआधी मी वहिनींच्या पोरीला वाचून दाखवली. तिची परवानगी नसती तर टाकली नसती. ती म्हणाली, "लिहा, पण माझं नाव नको. आणि ती 'पण' म्हणणारी माणसं आहेत ना, त्यांच्याबद्दलचं काढू नका. क्रीम नंतर आलं. आधी ते आलं."

काढलेलं नाही.

वहिनींनी त्या दिवशी चहा केला. साखर जरा कमीच होती, पण केला.

चैत्रात माझ्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवलेल्या सगळ्यांची मी मनापासून दिलगीर आहे. माझी माहिती चुकीची होती. ती पडताळलेली नव्हती. कुणी ती पुढे कुणाला सांगितली असेल, तर कृपया हा भूलसुधारही तिथपर्यंत पोचवा.